बिनगळाचा बेडूक

१४ मार्च

ताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. तू विचारलंस, "पंधरा दिवस तुझ्याकडे येऊ का?" आणि मी सात महिने उत्तर दिलं नाही. क्षमा कर. कामात होतो असं लिहिणार होतो, पण डायरी उघडून मोजलं तर खऱ्या कामाचे दिवस नऊच भरले. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? (त्यांना खोकला आहे हे मी गृहीत धरतोय. नसेल तर आनंदच आहे.)

तू कोरून पाठवलेल्या लाकडी बेडकाबद्दल सांगायचं आहे. तळ्याच्या कडेला, गुडघाभर पाण्यात, गवतात दबा धरून बसणाऱ्या मरळ माशासाठी आमिष तरंगणारंच हवं, बुडणारं तिथे गवतात अडकतं, हे मी आठ वर्षांचा असताना तूच माझ्या डावीकडे बसून शिकवलंस. (माझ्या कानात गळ रुतला, तेव्हा आईला न कळू देता तो काढलासही तूच.) तरी खात्री असावी म्हणून शनिवारी मी बेडूक अंघोळीच्या टबात चालवून पाहिला. ही म्हणाली, "त्यात पोरं बसतात. आधी तो गळ काढा, मग काय खेळायचं ते खेळा." तिचं म्हणणं रास्त होतं. मी बेडकाच्या पोटाखालचा गळ काढला, डबीत ठेवला, डबीवर 'गळ' अशी चिठ्ठी चिकटवली आणि तासभर बेडूक पोहवला. डाव्या पायाने किंचित लंगडतो. जखमी वाटावा म्हणून तू तसा मुद्दाम कोरलास, की हात घसरला? (हे विचारू नये बहुतेक. पण विचारतो.)

रविवारी सकाळी शेजारच्या घड्याळमास्तरांना घेऊन तळ्यावर गेलो. तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं, मासा बेडकावर तुटून पडला, मी काठी ओढली, आणि बेडूक एकटाच परत आला. पाचव्या फेकीला तेच, आठव्यालाही तेच. "तुमचा हात हलका पडतो," मास्तर म्हणाले. अकराव्या वेळी त्यांनी बेडूक हातात घेऊन उलटा केला आणि बराच वेळ पाहत राहिले, बंद घड्याळाकडे पाहतात तसे. "साहेब, तुम्ही त्या माशाला धरायला आलाय की भेटायला?" डबी घरीच होती, चिठ्ठीसकट.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मासा येत होता, म्हणून मी आणखी तासभर फेकत राहिलो. दर वेळी पाणी फुटलं की मी डावीकडे वळून "पाहिलंस?" म्हणायचो. मास्तरांनी दोनदा "पाहिलं" असं उत्तर दिलं. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की मी त्यांना अरेतुरे करत नाही. नंतर ते उठून माझ्या उजवीकडे जाऊन बसले.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मागच्या पत्रात 'तुझ्या बेडकाला हातभर मासा लागला' असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. बेडूक तेव्हा पुडक्यातून बाहेरही काढला नव्हता. तू इतकी खूश झालीस की लगेच 'येऊ का, ती जागा दाखव' असं लिहिलंस. आधी मासा पकडून खोट्याचं खरं करावं, मग उत्तर द्यावं, असं मी ठरवलं. मला तू नको आहेस असं तुला वाटेल, हे मला पाचव्या महिन्यात सुचलं. तेव्हा तर लिहायची आणखीच भीती वाटली.

ता. क. २. ये. पंधरा दिवस कमी आहेत.

उद्याचं काम: मागच्या खोलीतल्या पलंगावरचे कागद हलवणे.