एका थाळ्यातले घास

१२ नोव्हेंबर १९२६
शेलूबाजारची म्हातारी आली होती – दूल्हाभाईंची आई, अमिरआपाची सासू. माझ्या थोरल्या बहिणीला जाऊन अजून वर्षही झालं नाही. पहिल्याच बाळंतपणात गेली बिचारी, सोळाव्या वर्षी, बाळासकट. आणि आता तिची जागा मी भरायची! म्हातारीने माझं मनगट चाचपून पाहिलं, बाजारात शेळी पाहतात तसं. मग अम्माला म्हणाली, "कवळी हाये अजून. अंगानं भरू द्या, मंग निकाह करू."
भरू द्या! बघतेच मी.

१३ नोव्हेंबर
हे मराठीत लिहिते. घरात उर्दू सगळ्यांना येते, ही अक्षरं माझ्याशिवाय कुणाला येत नाहीत. शाळेत चार वर्षं घालवली त्याचा एवढा तरी उपयोग.

२० नोव्हेंबर
आम्ही बायका एकाच थाळ्यात जेवतो – अम्मा, मी आणि धाकटी अमीना. कुणी किती खाल्लं ते कळायला मार्ग नाही. थाळा रिकामा झाला की अम्मा खूश. मी भाकरी कुस्करते, कालवण घालते, बोटं बुडवते, अम्माशी बोलत राहते आणि घास अमीनाकडे सारते. तेरा वर्षांची घोडी, मिळेल ते खाते. एकदा तिने हळूच विचारलं, "सुलतानआपा, तुले नको काय?" मी डोळे वटारले. गप्प खाऊ लागली.

५ डिसेंबर
भूक लागते. खोटं कशाला लिहू. अब्बा अंगणात कापडाचा रंग उकळतात, त्याच्या वासानेही तोंडाला पाणी सुटतं. पण निजताना बरगड्या हाताला लागतात आणि बरं वाटतं. ह्या माझ्या आहेत, कुणाला द्यायच्या नाहीत.

२३ डिसेंबर
केस गळतात. उन्हात बसले तरी थंडी वाजते. अम्माच्या मते नजर लागली. दर्ग्यातून ताईत आला. शेजारच्या गोमतीबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका काही आला नाही, म्हणजे नजर मोठीच! मला हसू आलं. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला. "काहून जेवत नाहीस व बाई?"
एवढ्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. जेवते की, अम्माला विचारा, म्हटलं. त्या गेल्यावर खूप रडले.

९ जानेवारी १९२७
म्हातारी पुन्हा आली. मला पाहून तोंड वाकडं केलं. ही नको म्हणाली. नंतर अम्मा चुलीपाशी बसून रडत होती. रडू दे. मी सुटले! सुटले!

१० जानेवारी
आता पोटभर खायचं ठरवलं. अम्माने खिचडी केली, वर तूप. पहिला घास गिळवेना. दुसरा ओकून टाकला. आता कशासाठी उपाशी राहायचं? तरी हात पुढे जात नाही. हे माझं मीच सुरू केलं, मग माझ्याने थांबत का नाही? फार भीती वाटते.

१४ जानेवारी
आज कळलं. त्या दिवशी म्हातारी अशीच परतली नव्हती. जाताना अमीनाच्या दंडावर हात फिरवून म्हणाली होती, "हे चांगली भरली. हिलेच द्या." अब्बांनी होकार दिला. रमजानच्या आधी निकाह.
माझे सगळे घास तिच्या अंगी लागले. मीच तिला भरवली!
अम्माचे पाय धरले. अमीनाऐवजी मला द्या, म्हटलं. ती ओरडली नाही, रागावलीही नाही. माझं मनगट हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाली, "तुह्यात आता देण्यासारखं काय राह्यलं व माय?"

१६ जानेवारी
जेवायला बसलो. अमीना माझ्याकडे पाहत नव्हती. तिने भाकरी कुस्करली, कालवण घातलं, बोटं बुडवली, अम्माशी बोलत राहिली. आणि घास माझ्याकडे सारला.