लिनोचं आणखी एक वर्ष

१२ मे, रविवार

लिनोला आज पुन्हा बाकावर बसवलं! अख्खा सामना. टीव्हीवाल्यांनी दोनदा दाखवला. अंगात जाकीट, तोंडात च्युइंग गम, चेहरा असा की दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला आलाय. मी टीव्हीला चप्पल दाखवली. फोन्सो म्हणाला, टीव्हीने काय केलंय? माझ्या नवऱ्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. जन्मभर बोटीवर होता, त्याला फक्त वारा कळतो.

म्हणून इथे लिहिते. शाळा बाराव्या वर्षी सुटली, अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. पण मासळीच्या कारखान्यात कामावर बोलावं तर मासे सोलता सोलता बायका ऐकतात आणि संध्याकाळपर्यंत बंदरभर होतं.

लिनो माझा भाऊ. अठरा वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा तो एवढासा, वाढवला मीच. आमच्या कोर्व्होच्या मैदानावर शिकला. तिथे चेंडू भिंतीपलीकडे गेला की होडीतून आणावा लागतो. सतराव्या वर्षी मोठ्या शहराने उचलला. पहिल्या श्रेणीत एक मोसम खेळला. एकच! पण खेळला. मग दुसरी श्रेणी. दक्षिणेत, बेटांवर, परत दक्षिणेत. मागे उभं राहायचं, येईल त्याला अडवायचं, उंच आलेला चेंडू डोक्याने परतवायचा, हे त्याचं काम. नाक दोनदा मोडलंय. आता छत्तीस वर्षांचा, डोंगरापलीकडे व्हाल्देरा शहराच्या संघात, आणि प्रशिक्षक त्याच्याहून लहान. सकाळी दाढी करावी लागते की नाही देव जाणे!

१४ मे

लिनोचा फोन. त्याच्या करारात म्हणे एक अट आहे. मोसमात ठरल्याइतके सामने सुरुवातीपासून खेळला तर पुढचं वर्ष आपोआप पक्कं. एक कमी पडतोय.

"एकच, व्हिसी. एकदा उतरलो की आणखी एक वर्ष."

मी म्हणायला हवं होतं — गुडघा गेलाय, पुरे आता, घरी ये. म्हटलं काय? "मग उतर की, बसलास कशाला!"

हसला. त्याला घरी यायचं नाही, खेळायचंय. मलाही तेच हवंय. का ते विचारू नये कुणी.

१९ मे, रविवार

बाक.

२६ मे, रविवार

बाक. त्याच्या जागी एक पोर. पळतो चांगला, पण डोकं फक्त केस वळवायला. उरला एकच सामना, पुढच्या रविवारचा.

२९ मे

हवामानवाली बाई म्हणते रविवारी व्हाल्देरात पाऊस. झालं! ओल आली की लिनोचा गुडघा भाकरीसारखा फुगतो. सुजलेला गुडघा घेऊन त्याला कोण उतरवेल?

उद्या सांता क्लाराच्या मठात अंडी नेते. अंडी दिली की सांता क्लारा पाऊस थांबवते. माझ्या लग्नाला आईने नेली होती, आदल्या दिवशी धो धो आणि लग्नाला लख्ख ऊन. फोन्सो म्हणाला, फुटबॉलसाठी अंडी कुणी नेत नाही. म्हटलं, मी नेते.

३० मे

नेली. मठातल्या सिस्टर दिसत नाहीत, भिंतीत लाकडी फिरती पेटी आहे, त्यातून बोलायचं.

आतून विचारलं, लग्न कधी? म्हटलं लग्न नाही, सामना आहे. मग कुठला सामना, कोण खेळतंय, सगळी चौकशी. मी सांगितलं, लिनो.

"आमच्या कोबीच्या वाफ्यात चेंडू टाकायचा तो?"

"तोच."

"मग पाऊस नको, हे नक्की? अंडी आत आली की मी परत देत नाही."

मी म्हटलं, सिस्टर, मी उगाच का चढण चढून आले! पेटी फिरली. अंडी गेली. जाताना व्हाल्देरा नीट सांगून आले, नाहीतर सांता क्लारा ऊन पाडायची भलतीकडेच.

२ जून, रविवार

व्हाल्देरात एक ढग नाही. निळंशार आभाळ. मी फोन्सोकडे असं बघितलं की त्याने वर्तमानपत्र तोंडावर धरलं.

लिनो बाकावर. शेवटपर्यंत. आता काय करू या उन्हाला!

३ जून

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लिनोने फोनवर सगळं सांगितलं. प्रशिक्षकाने शुक्रवारीच ठरवलं होतं: पाऊस झाला, मैदान जड झालं, तर चेंडू उंच येणार, डोक्याने परतवणारा माणूस हवा, म्हणजे लिनो. कोरडं असलं तर चेंडू सुसाट, मग पळणारं पोर.

"सकाळपासून खिडकीत उभा होतो," म्हणाला. "असं आभाळ मी जूनमध्ये पाहिलं नाही, व्हिसी. एक थेंब पडला असता तरी…"

मी म्हटलं, हो का. दुधाचं भांडं वर येतंय म्हणून फोन ठेवला. चुलीवर दूध नव्हतं.

४ जून

मठात गेले. भांडायला. आतून सिस्टर म्हणाली, ऊन पडलं की नाही? पडलं. मग तक्रार कसली! वर म्हणते, अंडी ताजी होती, उत्तम पुडिंग झालं.

११ जून

लिनो आला. दोन बॅगा आणि एक पिशवी भरून बूट. वरचा मजला मी झाडून ठेवला होता. रात्री बटाट्याचं आमलेट केलं, अख्खं एकट्याने खाल्लं. मग मी सांगून टाकलं. अंडी, सिस्टर, सगळं. मला पोटात गोष्ट ठेवता येत नाही, अपचन होतं.

लिनो असा हसला की खुर्चीवरून खाली! फोन्सोही हसला. मीच तेवढी शहाण्यासारखी बसले होते.

हसून झाल्यावर म्हणाला, "मला अजून खेळायचंय, पण." आणि ताट उचलून धुवायला गेला.

१५ जून

तासियो आला होता. बंदरावरचा बार त्याचा, कोर्व्हो क्लबचा अध्यक्षही तोच. दोन्हीकडे पाणी घालतो. येतानाच हात पसरून, आमचा लिनो परत आला, गावाचा मान, वगैरे. कार्मेनमातेच्या सणाला सत्कार करू म्हणे, मैदानाच्या दारावर संगमरवरी पाटी.

लिनोने सरळ विचारलं, आणि खेळायचं काय? आपल्या गावाकडून एक मोसम. मानधन नको.

तासियो कॉफी ढवळत बसला. साखर घातलीच नव्हती. म्हणाला, प्रशिक्षकाला पाय हवेत, पोरं हवीत, तुझ्यासारख्या माणसाने आता प्रेक्षकांत बसून शोभा वाढवायची…

मी त्याच्यापुढची कॉफी उचलून नेली.

१६ जुलै

सण. कार्मेनमाता बोटीतून फिरून आली, भोंगे वाजले, मग सगळे मैदानावर. बँड, पाद्री, भाषण. तासियोने पडदा ओढला. पाटीवर लिनोचं नाव, खाली वर्ष, आडवी रेघ, वर्ष.

लिनो माझ्या कानाशी म्हणाला, "व्हिसी, मी मेलो का?"

मला हसू आलं. मग नाही आलं.

३० जुलै

लिनोने सही केली. आरेनालसाठी! खाडीपलीकडचे! छत्रीवाले! त्यांच्याकडे वाळू आहे, वाळूवर छत्र्या आहेत आणि उन्हाळ्यात परगावचे लोक आहेत, म्हणून नाक आभाळात. होडीतून उतरलो की नाक दाबतात, मासे आले म्हणे. आमची आई त्या बाजूचा पावसुद्धा घ्यायची नाही. यंदा त्यांचा संघ आमच्याच गटात, आणि हा त्यांच्या शर्टात!

"जगात दुसरा क्लब नव्हता?" मी विचारलं.

"नव्हता," म्हणाला.

मग सांगितलं. बाकी सगळ्यांनी फोनवर आधी गुडघ्याचं विचारलं. आरेनालच्या माणसाने विचारलं, सरावाला किती वाजता येशील.

मी म्हटलं, वरच्या मजल्यावर राहा, जेवण मिळेल. माझ्याशी बोलू नकोस.

९ ऑगस्ट

जेवण जिन्यावर ठेवते. ताट धुवून परत येतं. काल ताटात आरेनालच्या बेकरीचा पाव होता, माझ्यासाठी. कोंबड्यांना घातला. कोंबड्यांनी खाल्ला, त्यांना लाज नाही.

१७ ऑगस्ट

पाटीवर कुणीतरी डांबर फासलं. बारमध्ये सगळे गप्प, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे कुणी ते. तासियो म्हणतो, मी नाही बाई. मी बादली नेली आणि घासून काढलं. लिनोसाठी नाही. आमचं आडनाव आहे तिच्यावर.

२४ ऑगस्ट

तासियोने पाटी काढून घरी पाठवली! वर्तमानपत्रात गुंडाळून, हातगाडीवरून. निरोप असा की वातावरण निवळेपर्यंत तुमच्याकडे राहू दे. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला!

ठेवायची कुठे? फोन्सो म्हणाला, पिंपावर. घरच्या मासळीच्या पिंपात मिठाचे थर दिले की वर वजन लागतं, ते दाबलं की पाणी सुटतं. ठेवली. बरोब्बर बसली! मासे यंदा दाबले जातील ते संगमरवराने.

लिनो वरून उतरला, पिंपाकडे बघितलं, जिन्यातच बसून हसला. मला बोलायचं नव्हतं म्हणून मी कोंबड्यांशी बोलले.

१५ सप्टेंबर, रविवार

आरेनाल जिंकलं. लिनो सुरुवातीपासून खेळला. मला फोन्सोने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

६ ऑक्टोबर, रविवार

परत जिंकले. अख्खा सामना खेळला. रात्री वर पाऊल वाजत होतं, एक जोरात, एक हळू. गुडघा. मीठ घातलेलं कढत पाणी आणि टॉवेल जिन्यावर ठेवला. बोलले नाही.

वरून शिट्टी ऐकू आली. गुडघा धरून शिट्टी वाजवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

१८ ऑक्टोबर

परवा आरेनाल इथे, आमच्या मैदानावर. कारखान्यात दुसरा विषय नाही. माझ्या शेजारी मासे सोलणारी पुरीता म्हणाली, व्हिसी, तू येणार की नाही? म्हटलं, माझी जागा आहे तिथे, आईच्या वेळेपासूनची. कुणाच्या बापाला घाबरते का!

पुरीता म्हणाली, आणि लिनोला शिव्या घालायच्या वेळी?

म्हटलं, मला शिकवू नकोस. त्याला पहिली शिवी मीच घातली आहे, तो चालायला लागला त्या दिवशी.

फोन्सोने आज जेवताना विचारलं, मग नक्की कुणाच्या बाजूने? मी आमटी वाढली. म्हणाला, बरं. आणि आमटी खाल्ली.

२० ऑक्टोबर, रविवार

आमच्यातच बसले. आमचा मफलर, सूर्यफुलाच्या बियांचा पुडा, पुढच्या रांगेत तासियो. लिनो उतरला तशा आमच्याच लोकांनी हिणवायला शिट्ट्या मारल्या. विकला गेलास, म्हणाले. मीही ओठ गोल केले होते, शिट्टी आली नाही. शेवटाला कॉर्नर आला, लिनो सगळ्यांच्या वर उठला आणि चेंडू डोक्याने आत घातला. गोल! आमच्यावर! ज्या गावाने घडवलं त्याच्यावर गोल केला तर नाचायचं नाही, अशी रीत. तो जागीच उभा राहिला, दोन्ही हात वर, माफी मागत. मैदान चिडीचूप. मी उठले आणि छाती फुटेस्तोवर ओरडले, "लिनो!" पुड्यातल्या बिया सगळ्या तासियोच्या डोक्यावर.

लिनोने माफी मागितली. मी नाही मागितली.