भेग : दोन मिलिमीटर

३ मार्च, सकाळी ७
तुओंगमुळे लिहायला बसावं लागलं. तुओंग म्हणजे वॉर्ड ऑफिसचा बांधकाम निरीक्षक. काल आमच्या हॉटेलच्या जिन्यातली भेग बघून म्हणाला, बाई, ही रोज मोजायची आणि तारीख घालून फॉर्ममध्ये भरायची, नाहीतर हॉटेल आजच रिकामं करतो. हा माझा विद्यार्थी. गणितात दहापैकी चार. तो मला मोजायला शिकवणार! फॉर्ममध्ये नुसता आकडा टाकीन. खरं काय ते या वहीत, माझ्यापुरतं.
भेग : दोन मिलिमीटर.
निश्चय : रोज सातला मोजणे. घाबरटांशी वाद न घालणे.

४ मार्च
तुओंगला परस्पर कुणी बोलावलं ते कळलं. थोआने. ती माझी जाऊ, धाकट्या दिराची विधवा. काउंटर आणि खालची शेगडी तिच्याकडे. जाब विचारला तर म्हणते, ताई, तुम्ही भिंतीकडे बघत नाही, पण भिंत तुमच्याकडे बघतेय. मी म्हटलं, तू नूडल्सकडे बघ.
कारण उघड आहे. हनोईत या दिवसांत भिंतींना घाम फुटतो, फरशीवर पाणी साचतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. दमट हवेने घर फुगतं, तडकतं. शेजारी खांग नऊ मजली हॉटेलासाठी दोन तळघरं खणतोय आणि पंप लावून जमिनीतलं पाणी उपसतोय, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

७ मार्च
३०२ मधले श्री. क्विन्ह भेटले. विन्ह शहरातले निवृत्त रेल्वे गार्ड. बायको समोरच्या हॉस्पिटलात, म्हणून चार महिने आमच्याकडे. आमच्या सातही खोल्यांतले लोक असेच, पेशंटचे नातेवाईक. एक खाट, एक पंखा, जिन्याखाली भात शिजवायची सोय. म्हणाले, बाई, पलंग मला रोज डावीकडे घरंगळवतो. चाळीस वर्षं बायको त्याच बाजूला ढकलायची, म्हणून घरच्यासारखं वाटतं. पण घर ठीक आहे ना?
मी म्हटलं, ठीक आहे.
तुम्ही म्हणता म्हणजे झालं, म्हणाले, आणि पलंगाच्या एका पायाखाली चप्पल सारून मोकळे झाले. असे समजूतदार लोक हल्ली कमी.

१० मार्च
अडीच. म्हणजे आठवड्याला अर्धा. या हिशेबाने भेग शंभर मिलिमीटरची व्हायला पावणेचार वर्षं लागतील. तोवर खांगचं हॉटेल उभं राहून उलट आपल्यालाच त्याचा आधार होईल. थोआला गणित मांडून दाखवलं. तिला गणितात गती नाही.
फॉर्ममध्ये दोन लिहिलं. अपूर्णांकाने माणसं उगाच घाबरतात.

१२ मार्च
तुओंगने भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून ठेवली होती. काच तुटली तर घर हलतंय, असं त्याचं म्हणणं. आज तुटली. काच हलकी होती. नवी आणून लावली.

१४ मार्च
नवीही तुटली. प्लास्टिकची लावली. उत्तम बसली आहे. प्लास्टिक तुटत नाही.

१७ मार्च
चार. मोजपट्टी तिरकी धरली गेली असणार. फॉर्ममध्ये दोन.

२० मार्च
थोआने जुनं उकरून काढलं. खणायच्या आधी खांगची माणसं कॅमेरा घेऊन दारोदार आली होती, आजूबाजूच्या घरांची स्थिती नोंदवायला. अख्ख्या गल्लीने फोटो काढू दिले. मी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. हे घर माझ्या गेलेल्या नवऱ्याने ब्याण्णव साली उभं केलं. विटा स्वतः भिजवल्या, रेती स्वतः चाळली. हे काय आजारी आहे, एक्स-रे काढायला? असं मी तेव्हा विचारलं होतं. आज थोआ म्हणते, आता आजारी पडलंय ताई, आणि आधीचा एक्स-रे नाही. खांग म्हणेल, भेग जन्मापासूनच होती.
वाद घातला नाही. निश्चय पाळला.

२६ मार्च
सात. २०१ चं दार लागत नाही. १०१ चं उघडत नाही. आतले नवराबायको जिन्याकडच्या खिडकीतून बाहेर आले. नवरा म्हणाला, हनोईच्या हॉटेलात नवनवीन सोयी निघाल्यात. सुताराकडून दोन्ही दारं तासून घेतली. दमट हवा.
थोआने सुपाचा वाडगा काउंटरवर ठेवला आणि मला बोलावलं. एका काठाला सूप ओसंडतंय, दुसऱ्या काठाला बोटभर कमी. म्हणाली, हे बसवा तुमच्या गणितात. मी म्हटलं, वाडगा वाकडा आहे. तिने वाडगा फिरवला. सूप फिरलं नाही.
वाडगे बदलले पाहिजेत.

२ एप्रिल, पौर्णिमा
वरच्या मजल्यावर पितरांना उदबत्ती लावायला गेले. उदबत्तीचं भांडं जागेवरून चार बोटं डावीकडे सरकलेलं. या भांड्यात पितरांचं ठाणं, त्यांना विचारल्याशिवाय ते कुणी हलवत नाही. पुसायचं तरी एका हाताने घट्ट धरून. थोआ पांढरी पडली. म्हणाली, मी हात लावला नाही, तुम्ही लावलात? मी सांगितलं, उंदीर. भांडं ढकलून जागेवर ठेवलं. न विचारता. माझ्या सासूने बघितलं असतं तर... पण तिने बघायचा प्रश्न नाही.

५ एप्रिल
पुन्हा चार बोटं. पुन्हा ढकललं. आता रोज मोजणं झालं की हे काम.

८ एप्रिल
कडक ऊन. फरशी खडखडीत, चपला कोरड्या. दारं अजून लागत नाहीत. साहजिक आहे. एवढं भिजलेलं घर सुकायला वेळ घेणारच.
मोजपट्टी भेगेत गेली आणि पलीकडे पडली. खांगच्या खड्ड्यात. नवी आणायला हवी. तोवर दोन.
चार खोल्या रिकाम्या झाल्या. सुट्ट्या नाहीत ना.

१० एप्रिल
श्री. क्विन्ह आले. बायकोला सोमवारी हॉस्पिटलातून सोडतायत, पण महिनाभर दर दोन दिवसांनी तपासणी. विन्हहून ये-जा तिला झेपायची नाही. तिला माझ्याच खोलीत आणू का? घर ठीक आहे ना, बाई?
ठीक आहे म्हटलं.
हे लिहिताना पेन थांबलं. शाई संपत आली असावी.

१३ एप्रिल
त्यांनी बायकोला पाठीवर घेऊन तीन मजले चढवलं. अडतीस किलोची असेल. जिन्यात भेगेपाशी ती म्हणाली, थांबा हो, इथून छान वारा येतोय. खरंच येतो. उजेडही येतो. खांगचा पिवळा पंप स्पष्ट दिसतो. जिन्यातला दिवा दिवसा बंद ठेवता येईल.
भेग : दोन.

१५ एप्रिल
तुओंगला फोन करावा असं मनात आलं. केला नाही. बाराच्या सुमाराला पुन्हा आलं. पण मग आधीचे सगळे आकडे कसे समजावून सांगायचे?
उद्यापासून नवी पद्धत : सरासरी काढणे.

१७ एप्रिल, सकाळी ९.३०
आज चांद्र महिन्याचा पहिला दिवस. थोआ उदबत्ती लावायला वर गेली. भांडं चौथऱ्याच्या अगदी कडेला आलं होतं. तिने मला हाक मारली नाही. दोन नाणी बशीत टाकून पितरांना विचारलं, येता का? एक छापा, एक काटा. म्हणजे हो. पहिल्याच फेकीला. भांडं दोन्ही हातांत धरून ती जिना उतरली.
कुणाला काही सांगितलं नाही. गरजच पडली नाही. उदबत्तीचं भांडं दारातून बाहेर चाललेलं बघितल्यावर आमच्याकडे कुणी कारण विचारत नाही. १०१ मधल्यांनी शेगडी विझवली. ४०१ मधली आजी अनवाणी उतरली. श्री. क्विन्ह बायकोला पाठीवर घेऊन माझ्यासमोरून गेले, आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. बारा मिनिटांत घर रिकामं.
मी जिन्यातून ओरडले, चेक-आउट बाराला असतो!
थोआ मागे न वळता म्हणाली, ताई, सासूबाई निघाल्या, सासरे निघाले, तुमचे यजमानही निघाले. आता या घरात तुम्ही फक्त गिऱ्हाईक.
गेले नाही. काउंटरवर कुणीतरी हवं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.४०, फुटपाथवरून
दुपारी चारला पंप बंद पडला. महिनोन्महिने कानात घुमत होता. थांबल्यावर घरातले दुसरे आवाज ऐकू आले. ते काय होते ते लिहीत नाही.
चार वाजून दहा मिनिटांनी ३०२ ची भिंत खांगच्या खड्ड्यात गेली. पलंगासकट.
मी चालत बाहेर आले. थोआ म्हणते पळत.

१८ एप्रिल, वॉर्ड ऑफिस
तुओंगने फॉर्मचा गठ्ठा समोर ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाला, बाई, सेहेचाळीस दिवस तुम्ही दोन लिहिलंत. गल्लीतल्या ज्या घरांनी पाच लिहिलं त्यांच्याकडे मी आधी गेलो.
बाकावर श्री. क्विन्ह बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्याकडे बघायचं टाळलं. थोआ त्यांना चहा देत होती. मलाही दिला.
घर वॉर्डाच्या ताब्यात दिलं. दिलेल्या वस्तू : खोल्यांच्या किल्ल्या सात. शटरची किल्ली एक. पाहुण्यांच्या नोंदीचं रजिस्टर एक. विजेच्या मीटरचं कार्ड एक. घरात असलेली माणसं : शून्य.
शेवटचा रकाना होता, 'वास्तूची सद्यस्थिती'. मी लिहिलं : चांगली.
तुओंगने ते खोडलं आणि खाडाखोडीशेजारी माझी सही घेतली.