दोन दाबली, एक पेटली

मंगळवार, १८ फेब्रुवारी

झालं एकदाचं! सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तिन्ही पॅनलवर चढली. दूध उतरवून घेण्याचं पॅनल, तापवण्याचं आणि टाक्यांचं. मध्येच अडकली, जुन्या फाँटवरून रुसली, पण चढली.

काय काय आहे तिच्यात! पूर्वी एक पंप बंद पडला की पाठोपाठ डझनभर अलार्म बोंबलायचे. आता मूळचा तेवढा वर येतो, बाकीचे त्याच्या पोटात. शिवाय मागे जाऊन पाहता येतं — स्क्रीनवर काय दिसत होतं, बोट नेमकं कुठे पडलं, सगळं पुन्हा चालवून बघायचं. आठवडाभराचं राहतं, मग जुनं पुसलं जातं. घरी बसूनही लॅपटॉपवर पॅनल उघडतं. आणि अरबी! एक बटण दाबलं की फ्रेंच जाते, अरबी येते, आणि अरबी उजवीकडून वाचायची म्हणून अख्खी स्क्रीन आरशात पाहिल्यासारखी उलटते. डावीकडचं उजवीकडे. किती वर्षं मागत होते मी हे! ट्युनिशियात, बेजाच्या डेअरीत राबणाऱ्या माणसाने फ्रेंच का वाचावी?

तिजानीकाका आले. टाक्यांचं पॅनल त्यांचं. कमरेवर हात ठेवून बघत राहिले. मग म्हणाले, "इंजिनियरबाई, ही तर बातम्यांतली अरबी! वॉल्व्हला आम्ही जन्मभर फ्रेंच शब्दच वापरला. हा नवा पाहुणा कुठल्या गावचा?" सगळे हसले. "नवरीसारखं नटवलंस गं पेटीला. स्वयंपाक येतो का तिला?" पुन्हा हसले.

माझं नाव विदाद आहे. ते त्यांना माहीत आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

तपासणी संपली. सगळ्या स्क्रीन अरबीत उघडून एकेक बटण दाबून पाहिलं. फक्त टाक्या धुण्याची स्क्रीन जुन्या आवृत्तीतून होती तशी उचलून घेतली आहे. धुणं चालू होतं म्हणून ती फ्रेंचमध्येच पाहिली. ठीक वाटली. बाहेर घरी नेणारी गाडी हॉर्न वाजवत होती.

बुधवार, २६ फेब्रुवारी

तिजानीकाकांच्या पाळीला अरबी लावून दिली. बाकीच्या पाळ्यांना फ्रेंचच हवी — घाबरट!

मॅनेजर सी रऊफ, म्हणजे रऊफसाहेब, खाली येऊन म्हणाले, "इतकी शांतता? कोणी गेलं की काय कारखान्यात?" त्यांची शाबासकी अशीच असते. मी खूश.

तिजानीकाका फोनवर पत्ते खेळत बसले होते. "मला नको तुझी ही उलटी दुनिया." मी म्हटलं, "वाचून दाबायची सवय लावा, काका. जागा बघून नाही." त्यांनी फोन खिशात टाकला. लागलं असावं. लागू दे.

शनिवार, १ मार्च

उद्यापासून रमजान. एक नंबरची टाकी काठोकाठ भरलेली — पहिल्या रोज्याच्या ताकाचं दूध. दोन नंबर रिकामी, धुवायची होती. धुण्याचं काम एरवी दुसऱ्या पाळीचं. आज घाईमुळे तिजानीकाकांकडे आलं. आणि धुण्याचं कॉस्टिक सोड्याचं पाणी दोनऐवजी एकमध्ये गेलं. भरल्या दुधात! काकांनी लगेच लाल बटणावर हात मारला. पण कॉस्टिक चमचाभर गेलं काय नि बादलीभर गेलं काय. सगळं दूध सांडपाण्याच्या हौदात सोडलं. आम्ही कठड्यापाशी उभे राहून नुसते बघत होतो.

टाकीत दूध असेल तर धुण्याचा वॉल्व्ह उघडूच नये, अशी अट प्रोग्रॅममध्ये असते. एक नंबरचा पातळी मोजणारा सेन्सर उन्हाळ्यापासून बिघडलाय, उगाच काम अडवायचा. म्हणून सी रऊफनी ती अट काढायला सांगितली. तोंडी. काढली मी.

तिजानीकाका ओरडत होते — "मी दोनच दाबली! दोन दाबली, एक पेटली! कुराणाची शपथ!"

"तुझी सासू तीनदा वारली आहे, तिजानी," मागून कोणीतरी म्हणालं. "दर वेळी शपथेवर." अशा वेळीही दोघे-तिघे फिसकन हसले.

सी रऊफ माझ्याकडे वळले. "स्क्रीन बरोबर आहे?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

अरबीत पाहिलीच नव्हती.

रविवार, २ मार्च

पहिला रोजा. सुट्टी. घरूनच लॅपटॉपवर टाक्यांचं पॅनल उघडलं आणि स्क्रीन उलटण्याची खूण काढून टाकली. अरबी तशीच, जागा पूर्वीसारख्या. कुणी सांगितलं नव्हतं. सावधगिरी म्हणून — असं स्वतःला सांगितलं.

मग 'मागे जाऊन पाहा' हे बटण दिसलं. काल बोट कुठे पडलं ते तिथल्या तिथे कळलं असतं. मी लॅपटॉप मिटला.

गुरुवार, ६ मार्च

चौकशी झाली. सी रऊफ, ट्युनिसहून आलेल्या एक बाई, युनियनचा माणूस.

मला विचारलं, "स्क्रीनवरच्या टाक्यांवर नावं लिहिलेली होती?"

"होती. मोठ्या अक्षरात."

यात खोटं काही नाही. उलटणाऱ्या स्क्रीनबद्दल कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. सेन्सरचं नाव निघालं नाही. तेही मी काढलं नाही.

तिजानीकाका आधी ओरडले. मी बोलले तेव्हा गप्प झाले, माझ्याकडे नीट बघत राहिले. जणू माझं ऐकून स्वतःशी काही ताडून पाहत होते. कामावरून दूर केलंय. नोकरी राहते की जाते, ते ईदच्या आसपास ठरेल. निवृत्ती तोंडावर आलेली, आणि हे.

खरं लिहायचं तर त्या खोलीत मला क्षणभर बरं वाटलं. सगळ्यांसमोर हसले होते ना मला! — हे वाक्य खोडणार होते. राहू दे. माझंच आहे.

शनिवार, ८ मार्च

गल्लीतल्या एकाही दुकानात ताक नाही. शेजारच्या लतीफाबाई आईला म्हणाल्या, "खजूर काय पाण्याबरोबर गिळायचा? कोण तो आंधळा तुमच्या कारखान्यातला?" आईने माझ्याकडे पाहिलं.

मी नाव सांगितलं. आडनावासकट. कशाला सांगितलं!

मंगळवार, ११ मार्च

आज बसले. जेवणाची सुट्टी नाही, सगळे ऑफिसात पेंगत होते. अपघातापूर्वीची प्रत लॅपटॉपवर चढवली. अरबी लावली. धुण्याची स्क्रीन उघडली. उलटली. दोन नंबरची टाकी डावीकडे आली, तिचं नाव तिच्याबरोबर आलं. सगळं जागच्या जागी. मनात म्हटलं, बघ, वाचलं असतं तर...

दोन नंबर दाबली.

एक पेटली.

पुन्हा दाबली. पुन्हा एक.

सोपं आहे. जुन्या स्क्रीनवर आम्ही टाकीच्या चित्रावर न दिसणारं बटण ठेवायचो. वेगळं, चित्राला न जोडलेलं. नवीन आवृत्तीने चित्रं उलटवली, नावं उलटवली. ती बटणं राहिली जुन्या जागी. दिसायला दोन, दाबायला एक. 'उघडायचं का?' असा प्रश्न येतो, त्यातही टाकीचं नाव नाही. जुन्या स्क्रीन उचलून घेतल्या की हे सगळ्यात आधी बघायचं असतं. नवशिक्यांना मीच शिकवते हे.

म्हणजे काकांनी वाचलं होतं. मी सांगितलं तसंच केलं होतं — जागा न बघता, वाचून दाबली. जागा बघून दाबली असती तर दूध वाचलं असतं!

धावत टाक्यांच्या पॅनलकडे गेले, मागे जाऊन पाहायला. एक तारखेचं पुसलं गेलं आहे.

बुधवार, १२ मार्च

नाही सांगितलं.

गुरुवार, १३ मार्च

नाही. सी रऊफ ट्युनिसला गेलेत, हे आजचं कारण. त्यांच्या खिशात फोन असतो.

रविवार, १६ मार्च

इफ्तारनंतर तिजानीकाकांकडे गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते. दार त्यांच्या बायकोने उघडलं, सलुहाकाकूंनी. मला बघून चेहरा पडला, पण आत घेतलं. मखारेक मिठाईची बशी पुढे ठेवली. पाकात नुसती निथळत होती.

काका बाहेर आले. डोळ्यांवर चष्मा! काळी जाड काडी, लहान मुलाला मोठ्याचा घातल्यासारखा.

"बघतेस काय? मुलीने करून आणला. डॉक्टर म्हणाला, थोडा नंबर आहे."

"काका, मी एक सांगायला—"

"थांब. आधी मी. त्या दिवशी तुझ्या स्क्रीनला खोटी म्हणालो, चारचौघांत. चुकलो. खूप विचार केला मी. तू थट्टा सहन करशील, पण खोटं बोलणार नाहीस. तू म्हणालीस नावं बरोबर होती, म्हणजे होती. मग माझाच डोळा चुकला. म्हणून तर हा चष्मा." मग काकूंकडे वळून, "काय गं, मी म्हणत होतो ना, पोर सरळ आहे?"

काकू म्हणाल्या, "बापलेकीसारखे दोघे. खा गं, खा."

मी खाल्लं. दोन तुकडे. काकूंनी आग्रह केला म्हणून तिसरा. काही न बोलता घरी आले.

मंगळवार, १८ मार्च

सी रऊफना सांगितलं. लॅपटॉपवर दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं, उठून दार लावलं.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"शहाणी आहेस. हे कागदावर आलं की पुढचा प्रश्न काय? दुधाची अट कुणी काढली. तू. कुणाच्या सांगण्यावरून? ते कुठे लिहिलंय?"

कुठेच नाही.

"म्हाताऱ्याला परत घेतो. ईदच्या निमित्ताने माफी. तूही खूश, तोही खूश."

"पण त्यांचा गुन्हाच नव्हता!"

"मग माफी घ्यायला त्याचं काय जातंय?"

परत घेणार म्हटल्यावर मला हायसं वाटलं. बाहेर येईपर्यंत त्या हायसं वाटण्याचीच शिसारी आली.

मंगळवार, २५ मार्च

उद्या काका येताहेत. फळ्यावर सी रऊफच्या सहीचं पत्रक लागलंय — 'मानवी चुकीबद्दल ताकीद देऊन, पवित्र महिन्याच्या भावनेने.' चार वेळा वाचलं. उद्या सगळ्यांसमोर बोलायचं. नोकरी गेली तर गेली.

बुधवार, २६ मार्च

सांगितलं!

पाळी बदलताना, टाक्यांच्या खोलीत, सगळे जमले होते. काका चष्मा लावून कोपऱ्यात उभे. मी म्हणाले, तिजानीकाकांनी दोनच दाबली होती. स्क्रीन चुकीची होती. ती मी लावली, तपासली नाही, आणि समितीपुढे अर्धंच बोलले. सेन्सरचंही सांगितलं, अट मी काढली तेही. सी रऊफ दारात होते. त्यांचं नाव घेतलं. ड्रमवर लॅपटॉप ठेवून दाखवलं — दोन दाबली, एक पेटली.

कुणी हसलं नाही. फोर्कलिफ्टवाला हबीब म्हणाला, "अल्लाह तुझं भलं करो, विदाद." इंजिनियरबाई नाही — विदाद!

तिजानीकाका कोपऱ्यातून पुढे आले. माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला, पॅनलकडे गेले. रागावले असतील. रागवावंच त्यांनी. त्यांच्या शिव्या खायची तयारी आहे माझी, चारचौघांतही. सी रऊफ दारातूनच वळले. हसल्यासारखं करून गेले. काय करायचं ते करोत.

किती दिवसांनी आज जेवण गोड लागलं.

सोमवार, ३१ मार्च. ईद

तिजानीकाका आणि सलुहाकाकू घरी आले. नवे कपडे, हातात मिठाईचं ताट. काकांनी माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि आईला म्हणाले, "तुझ्या लेकीने रोज्यात खोटं बोलून माझी लाज राखली. सगळ्यांसमोर माझी चूक आपल्या अंगावर घेतली! सी रऊफ म्हणाले, एवढ्या मोठ्या मनाची माणसं आता राहिली नाहीत."

"काका, ते खरं होतं. मी दाखवलं ना—"

"पेटी तुझी, पोरी. तू शिकवशील ते ती दाखवेल." त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "पुरे आता. एकदा बोललीस तेवढं पाप बास."

आई रडत होती, अभिमानाने. दारात लतीफाबाई उभ्या होत्या, ऐकत. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असेल.