कल्हई लावलेला चांदीचा मग

मी, कुमारी बायनाबाई लटारू निमगडे, वय वर्षे ७२, निवृत्तिवेतनधारक, राहणार भानापेठ, चंद्रपूर, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीत आहे. रक्तदाब सकाळपासून थोडा वर आहे, पण तो अकरा वाजता भाऊ वामनराव येणार आहेत म्हणून. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही आणि फूसही लावलेली नाही; फूस लावायला येईल इतक्या जवळचे माणूस आता उरलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेसुद्धा टिकेल की नाही, ते माझ्या हातात ठेवलेले नाही. त्याचा खुलासा कलम ८ मध्ये आहे.

१. मी लग्न केले नाही. आईबाबा वारले. मागे एकच सख्खे भाऊ, वामनराव, माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. मृत्युपत्र नसेल तर कायद्याने माझे सगळे त्यांच्याकडे जाते, असे माझ्या वकील रिना उराडे यांनी मला सांगितले. मी त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावले. ऐकताना कसे वाटते ते पाहायचे होते.

२. घर. भानापेठेतले तीन खोल्यांचे घर मी माझ्या पगारातून बांधले. चौतीस वर्षे मी वनविभागाच्या लाकूड आगारात लिलावाच्या टेबलावर काढली. साग, बिजा, ऐन यांचे ढीग पुकारले, ठेकेदारांच्या बोल्या लिहिल्या, 'एक बार, दोन बार' म्हणता म्हणता घसा बसवला. बाईमाणूस पुकारते म्हणून सुरुवातीला हसणारे ठेकेदार नंतर माझ्याशी नजर मिळवायचे नाहीत. कारण ज्याला जो ढीग हवा असतो, तो त्या ढिगाकडे कधीच बघत नाही. शेजारच्या ढिगाकडे बघतो. हे मला पहिल्याच वर्षी कळले होते.

हे घर मी माझी भाची चि. हर्षा हिला देते. हर्षा वामनरावांचीच मुलगी. हेमलकशाकडच्या एका आश्रमशाळेत शिकवते. आरमोरीच्या मासेमार ढिवराच्या मुलाशी, धनराजशी, तिने लग्न केले म्हणून पाच वर्षे तिच्या बापाने तिला उंबरा चढू दिलेला नाही. बापाचे म्हणणे, 'मायं नाव खराब केलं.' नावाची एवढी काळजी असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हर्षाने घर विकले तरी माझी हरकत नाही. मागच्या खोलीची खिडकी पावसाळ्यात फुगते, तेवढी रंधून घ्यावी.

३. चांदी. समोरच्या खोलीतल्या काचेच्या दोन कपाटांत दांडीचे, बहुतेक झाकणाचे असे अडतीस मग आहेत. इंग्रज लोक यातून बिअर पीत. लिलावाच्या यादीत यांना टँकार्ड म्हणतात. शिवाय कच्छी नक्षीची एक फुलदाणी, दोन अत्तरदाण्या, मद्रासकडच्या घडणीची, देवांची चित्रे उठवलेली एक परात आणि बारा चमचे. हे सगळे मी एकतीस वर्षांत नागपूर, मुंबई आणि कलकत्त्याच्या लिलावांतून घेतले. दुसऱ्या वर्गाने गेले, धर्मशाळेत उतरले, डब्यातली भाकर खाल्ली आणि शेठ लोकांच्या मागे शेवटच्या खुर्चीवर बसून नंबराची पाटी वर केली. अंगावर सोने म्हणाल तर कानातली फुले तेवढी आहेत.

मी आयुष्यात दारू प्यायलेली नाही. पंचशील घेतलेले आहे आणि पाळलेले आहे. तरी जिल्ह्यात दारूबंदी झाली त्या वर्षी आमच्या वॉर्डातल्या बाया मोर्चा घेऊन माझ्या दारात थांबल्या. खिडकीतून हे कपाट दिसते. शेजारच्या गिरजाबाई पुढे होत्या. म्हणाल्या, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या, अन् घरी दारूचे भांडे सजवून राह्यल्या?" मी म्हटले, "गिरजाबाई, यातून मी ताकसुद्धा पीत नाही. आत येऊन वास घ्या." आल्या, आणि खरेच एकेक मग नाकाला लावून पाहिला. तेव्हापासून आमची मैत्री आहे. कच्छी फुलदाणी गिरजाबाईंना द्यावी, त्यांचा तिच्यावर डोळा आहे.

एक मग चांदीचा नाही, नुसता मुलाम्याचा आहे. मी पहिल्याच लिलावात फसले, तो हा. तो गुणवंतरावांचे नातू लोकेश यांना द्यावा. गुणवंतराव कोण, ते पुढे येईल.

बाकीचे मग रीतसर लिलावात काढावेत आणि पैसे हर्षाला द्यावेत. सोनाराकडे एकही जाता कामा नये. सोनार छाप बघत नाही, वजन बघतो आणि मोडीत घालतो. वरच्या फळीवरचा, मधोमध ठेवलेला मग मात्र यात धरू नये.

४. त्या मगाबद्दल. माझे बाबा लटारू निमगडे इथून नऊ मैलांवरच्या एका खाणीत, साहेब लोकांच्या क्लबात बेअरर होते. खाण आता बंद आहे. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून बाबांनी थेंब तोंडाला लावला नाही, आणि रोज संध्याकाळी पांढरा कोट घालून, हातावर रुमाल टाकून साहेबांना याच मगातून बिअर दिली. क्लबात असे सहा मग होते. चौसष्ट साली त्यांतला एक बाबांच्या हातून फरशीवर पडला आणि तळाला चीर गेली. पगारातून कापतील या भीतीने बाबांनी तो टॉवेलात गुंडाळला आणि सायकलने बाजारातल्या कल्हईवाल्याकडे नेला. कल्हईवाल्याने चीर बुजवली. आणि घरोघरच्या पितळी गंज-पातेल्यांना करतो तसे, सवयीने, तळाला नवसागर मारून चांगली चकचकीत कल्हईही करून दिली. चांदीला कल्हई! जगात कोणी केली नसेल. तळावरचा इंग्रजी छाप तिच्याखाली गेला. बाबांना वाटले, झकास काम झाले. घरी येऊन आईला दाखवले. मी अकरा वर्षांची होते, तळात माझे तोंड पाहिल्याचे मला आठवते. क्लबात कोणाच्या लक्षात आले नाही, कारण साहेब मग उपडा करून बघत नसत.

सहासष्ट साली तोच मग नाहीसा झाला. हेडक्लार्क गुणवंतरावांनी चौकशी केली, म्हणजे बाबांना उभे केले आणि कागद पुढे सरकवला. रात्रशाळेत जाऊन बाबा सही शिकले होते. त्यांनी पेन मागितला. गुणवंतराव म्हणाले, "अंगठाच दे. तुही सही कोण वाचते?" कागद वाचून दाखवला नाही. त्यावर चोरी कबूल केल्याचे लिहिले होते. दोन दिवसांत क्वार्टर सुटले. बाबांनी पुढे चांद्यात, म्हणजे आताच्या चंद्रपुरात, सायकलरिक्षा ओढली. वर्गात कोणाची पेन्सिल हरवली की पहिली झडती माझ्या दप्तराची व्हायची. ती पेन्सिल माझ्याकडे कधीही सापडली नाही, पण झडती मॅट्रिकपर्यंत चालू राहिली.

त्या वेळी वामनराव सोळा वर्षांचे होते.

५. मी ठरवले की तो मग शोधायचा. माझे म्हणणे साधे होते. मग कुठे तरी असणार. साहेबांपैकी कोणी तरी किंवा गुणवंतरावांनी नेला असणार. कधी तरी तो लिलावात येणार. आणि तळाची कल्हई बघून तो फक्त मी ओळखणार. विकणाऱ्याचे नाव कळले की बाबांचे नाव सुटणार. म्हणून एकामागून एक सदतीस मग घेतले. प्रत्येक वेळी यादीतले चित्र धूसर असायचे, तळ दिसायचा नाही, आणि वाटायचे, हाच असेल. घरी आणून उपडा करायचे. छाप असायचा, त्यात जहाजाचा नांगर असायचा, सिंह असायचा, कल्हई नसायची.

दर रविवारी वामनराव चहाला येत. मी प्रत्येक मगाची हकिगत त्यांना सांगायची. कल्हईची खूण त्यांना माझ्याइतकीच पाठ होती. ते बशीत चहा ओतायचे आणि म्हणायचे, "सापडन बाई, सापडन. अशी चीज कुठी जाते?" एकतीस वर्षे त्यांनी मला असा धीर दिला.

६. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका लिलावाची यादी आली. लॉट ११४, झाकणाचा चांदीचा मग, 'तळाला अडाणी दुरुस्ती, कथलाचा थर, त्यामुळे किंमत कमी.' त्या दिवशी मी आयुष्यभराचा नियम मोडला आणि सरळ त्या मगाकडे बघत राहिले. पलीकडच्या पारशी गृहस्थाने ते पाहिले असणार, कारण त्याने मला शेवटपर्यंत चढवत नेले. निवृत्तीला मिळालेल्या उपदानाची ठेव मोडावी लागली. मोडली.

मग घेऊन लिलावाचा दलाल कुलदीप स्वतः चंद्रपूरला आला. रविवार होता. मी मग उपडा केला आणि तळात पुन्हा माझे तोंड पाहिले. झाकणाच्या बिजागरीत धानाचा कोंडा अडकलेला होता. तो मी हेअरपिनने काढत होते आणि मुंबई-लंडन फिरलेल्या वस्तूत हे कुठून आले असा विचार करत होते. तेवढ्यात कुलदीपचे लक्ष खुर्चीत चहा पीत बसलेल्या वामनरावांकडे गेले.

"अरे, नमस्कार वामनराव! भेटले ना पैसे? खात्यात टाकले होते मी."

वामनरावांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "कोण आहेस रे बाबू तू? मी नाई ओळखत तुले." आणि उठून गेले. गडबडीत एक चप्पल स्वतःची आणि एक कुलदीपची घालून गेले. कुलदीप बिचारा रडवेला झाला. "बाई, तुमचे भाऊ होत हे मले का मालूम? यायनं सांगतलं, घरची जुनी चीज आहे, यादीत टाका, घेनारे घेतेच."

घेणारे घेतेच. हे त्यांना नक्की माहीत होते. बिजागरीतला कोंडा कुणाच्या घरचा, तेही मला कळले. त्यांच्या घरावर त्या उन्हाळ्यात वरचा मजला चढला. त्या मजल्याच्या विटा माझ्या आहेत, पण त्यावर मी हक्क सांगत नाही.

वामनराव त्यानंतर चहाला आलेले नाहीत. दुसरी चप्पल अजून माझ्याकडे आहे. तीही त्यांना द्यावी.

गुणवंतरावांना मी पन्नास वर्षे मनातल्या मनात शिव्या दिल्या. अंगठ्याबद्दलच्या शिव्या मी मागे घेत नाही. बाकीच्या, चोर नेमका आमच्याच घरात होता म्हणून, मागे घेते. त्यांच्या नातवाला मुलाम्याचा मग त्या हिशेबाने जातो आहे.

७. एक गोष्ट मला अजून कळलेली नाही आणि तिच्यापुढे वरचे सगळे फिके आहे. बाबा जाण्याच्या आदल्या दिवशी मी उशाशी बसले होते. ते म्हणाले, "बायना, तो मग धुंडू नोको वो. जाऊ दे." मला वाटले, थकलेले माणूस बोलते आहे. मी त्यांचा हात धरून म्हटले, "बाबा, मी शोधून काढीन." त्यांनी तोंड भिंतीकडे केले. आता मला रोज तेच दिसते. त्यांना माहीत होते काय? माहीत असून त्यांनी मला आगगाडीत बसू दिले? हे सांगू शकेल असे एकच माणूस जिवंत आहे. मला त्याचे तोंड बघायची इच्छा नाही, तरी त्याला बोलावले आहे.

८. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक माझे जुने सहकारी घनश्याम नागापुरे. दुसरा साक्षीदार रिना सहज देत होत्या. मी नको म्हटले. दुसरी जागा वामनरावांसाठी राखली आहे. त्यांना हा कागद पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवावा. आमच्या घरात न वाचलेल्या कागदावर एकदा अंगठा झालेला आहे, तेवढे पुरे. त्यांनी सही केली नाही तर हे मृत्युपत्र रद्दी समजावे. मी दुसरे करणार नाही. घर, चांदी, सगळे त्यांना मिळेल, हर्षाला काही नाही. त्यांनी ते खुशाल घ्यावे, पण चोर म्हणून घ्यावे. सही केली तर त्यांच्या वाट्याला फक्त तो मग आणि चप्पल. सहीखाली कलम ७ चे उत्तर एका ओळीत लिहावे. खोटे लिहिले तर मला कळेल. चौतीस वर्षे मी बोली लावणाऱ्यांची तोंडे पाहिली आहेत.

हा माझा शेवटचा लिलाव. माझी बोली मी लावली आहे.

९. माझ्यामागे त्रिशरण-पंचशील म्हणावे, जेवणावळ घालू नये. बाबांच्या फोटोखाली पितळी पाटी लावावी: 'लटारू निमगडे. यांनी चोरी केली नाही.' पाटी करून ठेवली आहे, कपाटाच्या खालच्या खणात आहे.

वर लिहिलेले सर्व माझेच बोल आहेत. ते वाचून, समजून, पेनने सही करत आहे.

चंद्रपूर, दिनांक ११ ऑगस्ट २०२५

(सही) बायनाबाई लटारू निमगडे

साक्षीदार १: (सही) घनश्याम बापूराव नागापुरे, सेवानिवृत्त वनरक्षक

टीप, अ‍ॅड. रिना उराडे यांच्याकडून: वामनराव निमगडे सव्वाअकरा वाजता आले. संपूर्ण मृत्युपत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. कलम ६ नंतर त्यांनी पाणी मागितले. बाईंनी वरच्या फळीवरचा मग काढला, पुसला आणि त्यातूनच दिले. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. वाचन संपल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, "हर्षाले घर भेटते ना? पक्कं?" मी हो म्हटले. त्यांनी चष्मा लावून बाईंच्या समक्ष सही केली व खालील मजकूर स्वहस्ते लिहिला. बाईंनी तो वाचला. कागदात कोणताही बदल करायचा नाही असे त्यांनी मला सांगितले.

साक्षीदार २: (सही) वामन लटारू निमगडे

मग मीच नेलतो. बाबाले पयल्या दिवशीच मालूम झालं. मी साहेबाले सांगाले निघालो त त्यायनं मले दारातून वापस आनलं. म्हने, बायनाले सांगू नोको.