पिवळे विमान, छोटी इस्त्री आणि एक खोटे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा शिवणकाम, आता बंद, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षरे मोठी आहेत ती डोळ्यांमुळे, डोक्यामुळे नव्हे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरबाईंचा दाखला सोबत टाचला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही, उलट "एवढ्यात कशाला?" असे म्हणून घरच्यांनी अडवूनच पाहिले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि, बहुधा, शेवटचे.

कलम १. दुकानावरच्या दोन खोल्या व गच्ची मुलगा आणि सून यांना निम्मी निम्मी. मुलगा म्हणेल, एकाच्या नावावर असली काय नि दोघांच्या काय, फरक काय पडतो. फरक पडत नसेल तर दोघांच्याच असू द्या. बँकेतली ठेवही तशीच. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुनेने करावी, कारण मुलगा कागद जपून ठेवतो आणि मग कुठे ठेवला ते विसरतो.

कलम २. दुकानातली दोन्ही शिलाई मशीन, कापायचे टेबल व कात्र्या काजे-बटणे करणाऱ्या बाईंना. सव्वीस वर्षे त्यांनी माझ्या चुका गिऱ्हाइकाच्या आधी पाहिल्या आणि चारचौघांत कधी बोलून दाखवल्या नाहीत. मोठ्या कात्रीने कागद कापू नये, एवढीच अट.

कलम ३. हे कलम मालमत्तेचे नाही. मुलाच्या लग्नात मी व्याह्यांचा कोट शिवला होता. बाह्या आखूड झाल्या, अशी विहीणबाईंची तक्रार गेली एकोणीस वर्षे चालू आहे. व्याह्यांचे हातच लांब होते, असे माझे म्हणणे होते. व्याही आता नाहीत. बाह्या आखूडच झाल्या होत्या. दीड बोटाने.

कलम ४. मॉडेल विमानांच्या क्लबमधले माझे सामान. याबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल.

क्लबचे सेक्रेटरी माझे जुने गिऱ्हाईक. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून आम्ही सगळे त्यांना शिट्टीसाहेब म्हणतो. पत्नी गेली त्या वर्षी ते एक हातभर लांब पंख घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "शर्ट नकोय. याला कपडे घालायचेत." लाकडाचा नुसता सांगाडा होता. त्यावर रंगीत पातळ फिल्म छोट्या इस्त्रीने चिकटवायची असते. इस्त्री जास्त तापली तर भोक पडते, कमी तापली तर चुण्या राहतात. माझा जन्म चुण्या घालवण्यात गेला. तासाभरात पंख ढोलकीच्या कातड्यासारखा ताणून दिला. मजुरी म्हणून शिट्टीसाहेबांनी मला रविवारी मैदानावर नेले. मी इस्त्री केलेली वस्तू आकाशात गिरक्या घेताना पाहिली आणि पत्नी गेल्यानंतर पहिल्यांदा माझी मान वर झाली.

पुढे मी स्वतःचे पिवळे विमान बांधले. नऊ वर्षे उडवले. नव्या सभासदांना शिकवतो तेच इथे लिहून ठेवतो, म्हणजे मी नसताना विचारायला नको. आधी हातातला रिमोट चालू करायचा, मग विमान; बंद करताना उलटे. उडवण्यापूर्वी पंखांखाली दोन बोटे देऊन विमान तोलून पाहायचे, नाक किंचित खाली झुकले पाहिजे. उतरवताना वारा समोरून घ्यायचा. विमान आपल्या अंगावर येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते आणि भलेभले गोंधळतात. अशा वेळी जो पंख खाली गेला असेल त्या बाजूला रिमोटची दांडी न्यायची, त्याला खालून टेकू दिल्यासारखी. आणि सूर्याच्या दिशेने विमान कधीही नेऊ नये.

शेवटची गोष्ट मी स्वतः मोडली. क्लबच्या वार्षिक मेळाव्यात, दोरीपलीकडे शंभरेक माणसे बघत असताना, पिवळे विमान उन्हात शिरले आणि मला दिसेनासे झाले. मग दिसले. मी त्याला वळवू लागलो. ते वळेना. मी जिला वळवत होतो ती घार होती. विमान तोपर्यंत मागच्या बाजूला, उभ्या केलेल्या एका गाडीच्या काचेवर जाऊन आदळले. त्या गाडीत दोनच मिनिटांपूर्वी एक बाई चहा पीत बसल्या होत्या.

सगळे धावत आले. शिट्टीसाहेबांनी विचारले, "काय झालं?"

मी म्हणालो, "रेडिओ गेला. दांडी हलवतोय, काही होतच नव्हतं."

माझ्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही. विमानातला रिसीव्हर, म्हणजे रिमोटचे हुकूम ऐकणारी डबी, चारच दिवसांपूर्वी रेडिओ मेकॅनिककडून दुरुस्त होऊन आला होता. हा मेकॅनिक क्लबचाच सभासद, माझ्या मुलाच्या वयाचा, आमच्या सगळ्यांची दुरुस्ती तोच करी. दुसऱ्या दिवशी क्लबच्या फळ्यावर सूचना लागली: सभासदांनी दुरुस्ती अन्यत्र करून घ्यावी. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यानंतरही आला नाही. मी सूचना दर वेळी वाचत नव्हतो, पण तिच्यासमोरून जात होतो.

त्या मेळाव्याला विहीणबाई सुनेबरोबर आल्या होत्या. टेलिफोन ऑफिसात त्यांची तीस वर्षे गेली. दुसऱ्याचे ऐकायचे आणि मध्ये बोलायचे नाही, ही त्यांची सवय. घरी परतताना एवढेच म्हणाल्या, "विमान डावीकडे होतं. तुम्ही उजवीकडे बघत होतात."

"रेडिओ गेला होता," मी म्हणालो.

"बरं."

मग दर रविवारी त्यांचा फोन येऊ लागला. "डोळे दाखवलेत का?" मी म्हणे, दाखवू. चौदा महिने त्या विचारत राहिल्या. शेवटी वैतागून डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. काचबिंदू निघाला. कडेचे दिसणे बरेच गेले होते, आणि गेलेले परत येणार नव्हते. दवाखान्याबाहेर विहीणबाई उभ्या होत्या.

"आता रेडिओवाल्याकडे जाऊ," त्या म्हणाल्या. "गाडी थांबवून ठेवलीय."

"तुम्हीच कोणाला का नाही सांगितलंत इतके दिवस?"

"खोटं तुमचं. मी कशाला सांगू?"

मेकॅनिक दुकानात एक पंखा उघडून बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. त्याने हातातले काम खाली ठेवले नाही.

"माहीत होतं, काका," तो म्हणाला. "तो रिसीव्हर तुम्ही परत पाठवलात ना, मी तपासला. ठणठणीत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्या शब्दापुढे माझं कोण ऐकणार? म्हटलं, काका येतील. वर्षभर वाट बघितली. मग सोडून दिली."

 

पुढच्या रविवारी मैदानावरच्या शेडमध्ये सगळ्यांसमोर मी खरे सांगितले. शिट्टीसाहेबांनी फळ्यावरची जुनी सूचना स्वतः काढली, मेकॅनिकच्या दुकानात जाऊन माफी मागितली, आणि परत येऊन मला एकट्याने उडवायला कायमची बंदी घातली. त्या बंदीबद्दल मी त्यांच्याशी दोन महिने अबोला धरला. ते बरोबर होते. माझी कापडाची टेप त्यांना द्यावी. मैदानावर अंतरे ते पावलांनी मोजतात आणि दर वेळी चुकतात.

मेकॅनिक लगेच परतला नाही. सहा आठवड्यांनी आला, आणि पहिले दोन रविवार माझ्याशी कामापुरतेच बोलला. तिसऱ्या रविवारी मोडके पिवळे विमान मागून घेतले. सांगाडा मी सांधला, इस्त्री केली. रेडिओ त्याने बसवला.

बंदीवर तोड विहीणबाईंनी काढली. शिकाऊ माणसासाठी दोन रिमोट वायरीने जोडतात. शिकवणाऱ्याने खटका सोडला की विमान त्याच्या ताब्यात जाते. "मला शिकवा," त्या म्हणाल्या, "मग मी तुमची शिकवणारी होते." पाच महिने लागले. विमानाच्या नाकावरचे दोन पंखे मोडले, एकदा विमान झाडावर गेले, पण क्लबची परीक्षा त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या. तेव्हापासून दर रविवारी मी उडवतो आणि त्या शेजारी उभ्या राहून, टेलिफोनवर बोलाव्यात तशा स्पष्ट आवाजात सांगतात: "डावा पंख खाली. थोडं वर. आता घरी आणा." गेल्या महिन्यात तीनदा खटका सोडावा लागला. मला त्याचे वाईट वाटत नाही, याचेच नवल वाटते.

म्हणून पिवळे विमान, दोन्ही रिमोट व वायर विहीणबाईंना. छोटी इस्त्री व फिल्मची गुंडाळी क्लबला.

कलम ५. मेकॅनिकला मी काहीही देत नाही. मला चांगले हत्यारांचे कपाट द्यायचे होते. पण त्याला साक्षीदार व्हायला सांगितले होते, आणि वकीलबाई म्हणाल्या की ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष करू नये. मी त्याला म्हणालो, साक्षीदार दुसरा बघू, तू कपाट घे.

तो म्हणाला, "कपाट राहू द्या, काका. तुम्ही लिहिलेल्याखाली माझी सही असू दे."

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, आणि साक्षीदारांनी मोठ्याने वाचून दाखवले तेही ऐकले. बरोबर आहे.

सही: शिंपी
साक्षीदार १: डोळ्यांच्या डॉक्टरबाई
साक्षीदार २: रेडिओ मेकॅनिक
ठिकाण: मैदानावरची शेड
दिनांक: १६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी नऊ. वारा हलका, समोरून.