नवव्या मॉडेलच्या मताबाबत व इतर व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, झाडे आणि माती यांच्यातल्या कार्बनचा अभ्यास करणारी संशोधक, डोके ठिकाणावर असताना आणि कुणी भरीस घातलेले नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. प्रकृती उत्तम आहे. उद्यापासून जंगलातल्या उंच मनोऱ्यावर चढून हवेची मोजमापे घ्यायची आहेत. आई म्हणाली, “चढायचं तर चढ, पण आधी कागद कर.” केला.

कलम १. बचत आणि विमा आईला. माझ्या नावाने दानधर्म करू नये. गुडघ्याचे ऑपरेशन करून घ्यावे. “बघू” हे उत्तर ग्राह्य नाही.

कलम २. सायकल आणि हत्यारांची पेटी धाकट्या भावाला. पेटीतले चांगले पाने त्याने न विचारता आधीच नेले आहेत. तेही त्याचेच समजावेत.

कलम ३. खिडकीतली झाडे घरमालकीणबाईंना. पाणी कमी घालावे. त्या लाडाने मारतात.

कलम ४. जंगल किती कार्बन घेते आणि किती सोडते, याचा अंदाज आम्ही नऊ संगणकी मॉडेल एकत्र करून काढतो. आठ म्हणतात, आमचे जंगल कार्बन साठवते. नववे म्हणते, कोरड्या वर्षांत उलट सोडते. आमचे विभागप्रमुख नववे वगळू पाहतात. कुठल्याही वादात ते मधला आकडा उचलतात, म्हणून त्यांना पाठीमागे ‘मधले’ म्हणतात.

“आठ जण एकीकडे, हा एकटा दुसरीकडे. काढा त्याला.”

“आठ कुठले, सर? त्यातल्या सहांनी मातीच्या हिशेबाचा भाग एकमेकांकडून उचललाय. एका घरातले सहा जण एकच बोलले, तर ती सहा मतं धरायची?”

“तुमचा कोण लागतो हो तो नववा?”

“कुणीच नाही.”

नववे बरोबरच आहे असा माझा दावा नाही. ते मनोऱ्यावरची मोजमापे ठरवतील. तोवर त्या सहांचे मिळून एकच मत धरावे आणि नववे आत ठेवावे. ते वगळले, तर पलीकडच्या कारखान्याला ‘तुमच्या धुरातला कार्बन जंगल शोषून घेते’ असे आमच्या सहीने लिहून मिळेल.

एकत्रीकरणाचा प्रोग्राम मी लिहिला. कायद्याने तो संस्थेचा आहे, त्यामुळे हे कलम कोर्टात टिकणार नाही असे वकीलबाई सांगतात. तरी लिहिते: त्याची देखरेख मधल्यांकडे जावी.

भाऊ म्हणाला, “अगं, ज्याच्याशी सारखी भांडतेस त्यालाच?”

त्यांनाच. विभागातल्या मैत्रिणी माझ्यावर विश्वास ठेवून तो आहे तसा चालवतील. मधले माझी चूक सापडावी म्हणून ओळ न् ओळ तपासतील. सापडली तर दुरुस्त करावी. न सापडल्यास नववे आत ठेवून अहवालावर सही करावी.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर. दिनांक: १४ मार्च.

सही: (केली)

साक्षीदार, दोघांनाही यातून काही मिळत नसल्याने पात्र:

१. वकीलबाई. (सही)

२. विभागप्रमुख. (सही) कलम ४ वाचले. युक्तिवाद मान्य नाही. देखरेख मान्य. मनोऱ्यावर पट्टा बांधूनच चढावे.